शेअरमाइंड

शेअरमाइंड ही एस्टोनियातील सायबरनेटिका या कंपनीने विकसित केलेली सुरक्षित बहुपक्षीय संगणनाची प्रणाली आहे. तीत प्रत्येक संख्येचे यादृच्छिक दिसणारे तीन भाग करून ते तीन स्वतंत्र संस्थांच्या सर्व्हरवर ठेवले जातात. एकाच सर्व्हरवरील भागावरून मूळ संख्या ओळखता येत नाही. तिन्ही सर्व्हर परस्परांच्या साहाय्याने बेरीज, गुणाकार व तुलना करतात आणि केवळ अंतिम निष्कर्ष उघड होतो.

उपयोग

माहिती तंत्रज्ञानाचे विद्यार्थी नोकरीमुळे वेळेत पदवी घेत नाहीत का, हे तपासण्यासाठी २०१५ साली एस्टोनियात या प्रणालीद्वारे शिक्षण व करविषयक नोंदी जोडण्यात आल्या. करगोपनीयतेमुळे त्या उघडपणे एकत्र करणे शक्य नव्हते. नोकरी व पदवीतील विलंब यांत संबंध आढळला नाही.