संगणकाची टिपणवही

अक्षर केवढे, रंग कोणता, भाषा कुठली, ही आपली आवडनिवड संगणकाला कुठेतरी टिपून ठेवावी लागते. विंडोज ३.१ पर्यंत ही टिपणे बहुतांशी ‘विन.आयएनआय’सारख्या साध्या मजकुराच्या फायलींत असत. कुणीही उघडावे, वाचावे. पण जो तो प्रोग्राम आपली चिठ्ठी खोचू लागला आणि पसारा झाला. विंडोज ९५ ने १९९५ मध्ये ‘रजिस्ट्री’ हे एकच कोठार सर्वांसाठी पुढे केले. शिस्त आली खरी. पण हे कोठार साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि बिघडले तर यंत्रच अडून बसते. मला तरी उघडून वाचता येते, खोडता येते तेच आपले वाटते.

युनिक्सने मजकूर सोडला नाही. तिथे वापरणाऱ्याची टिपणे नावाआधी टिंब देऊन लपवलेली असतात. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितले, की हे ठरवून झालेच नव्हते. यादीतून एक टिंब आणि दोन टिंबे या दोनच नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोय म्हणून फक्त पहिले अक्षर तपासले. अनुस्वाराने अर्थ बदलतो हे कवीला ठाऊक असते, इथे टिंबाने फाईलच गायब!

लिनक्सवर पुढे दोन घराणी झाली. केडीई मजकुरावरच राहिले. ग्नोमने २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डीकॉन्फ’ घेतले. वाचनाचा वेग वाढला, पण नोंद पाहायला वेगळे अवजार लागते.