दस्तक ते ५१२ के : वाटांच्या वहीत जागा संपली तेव्हा

१/ अठराव्या शतकाच्या आरंभी अलिबागच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजास सरखेल कान्होजी आंग्रे यांचे दस्तक लागे. ते नसलेले जहाज आंग्र्यांचे आरमार धरीत असे. इंग्रजांना हा अधिकार अमान्य होता. १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह त्यांनी कुलाब्यावर केलेली स्वारी फसली.

२/ जहाज अडवून कागद पाहण्यास वेळ मिळे. इंटरनेटच्या नाक्यावर तो मिळत नाही. तेथील स्विच सेकंदाला कोट्यवधी वेळा पत्ता वाचतो आणि मार्गांच्या कोष्टकात त्याची वाट शोधतो.

३/ त्यासाठी 'टीकॅम' ही खास स्मृती असते. ती सर्व ओळी एकाच वेळी ताडून पाहते. म्हणूनच ती वेगवान, पण महाग, वीजखाऊ आणि मोजकी असते.

४/ सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० मालिकेतील अनेक स्विचांत अशा १,०२४ के जागा होत्या. कारखान्यातून येतानाच त्यांची वाटणी ठरलेली असे : ५१२ के जुन्या आयपीव्ही४ मार्गांना, उरलेला निम्मा भाग मुख्यतः आयपीव्ही६ साठी. नव्या पद्धतीचा पत्ता लांब, म्हणून त्याच्या एका नोंदीस दोन जागा लागत. त्या अर्ध्या भागात २५६ केच नोंदी मावत.

५/ १२ ऑगस्ट २०१४. अमेरिकेतील व्हेरायझनच्या जाळ्यातून सुमारे १५,००० जादा मार्ग अचानक जाहीर झाले. जगाचे कोष्टक ५१२ केच्या उंबरठ्यावर होतेच. त्यात प्रत्येक जाळ्याच्या अंतर्गत मार्गांची भर. अनेक ठिकाणी मर्यादा ओलांडली गेली.

६/ न मावलेल्या मार्गांचे काम सामान्य प्रोसेसरवर पडले. तो त्या वेगाला पुरणारा नव्हता. अनेक संकेतस्थळे मंदावली, काही बंद पडली.

७/ विपर्यास असा, की शेजारच्या कप्प्यात जागा रिकामी होती. एका आज्ञेने वाटणी बदलता येई. मात्र ती लागू होण्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. कंपनीने आधीच सावध केले होते. तरी चालते जाळे थांबवण्याचा निर्णय अनेकांनी पुढे ढकलला होता.

८/ काहींनी नवी मर्यादा ७६८ के ठेवली. २०१९ मध्ये कोष्टक तेथेही पोहोचले. या वेळी बहुतेक जाळी सज्ज होती.

९/ साधने अपुरी पडल्याने व्यवस्था कोसळतात, हे इतिहासात वारंवार दिसते. जुनी वाटणी वेळेत न मोडल्यानेही त्या कोसळतात, हे २०१४ ने दाखवले.