उंचीचें अपादान : चावंड, दाभोळी आणि जुन्नरचे डोंगर

जुन्या कागदांत सालाचे नुसते अंक आढळले तर संशोधक त्यांवर विसंबत नाहीं. सन सुहूर असल्यास त्यांत ५९९ किंवा ६००, शालिवाहन शक असल्यास ७८ किंवा ७९ मिळवावे लागतात. आरंभ कोठून धरला हें कळल्यावांचून अंक मुका राहतो. उंचीच्या आंकड्याचीही गोष्ट हीच आहे. एखादी वस्तु जेथून दूर होते त्या स्थिर स्थानास व्याकरणांत अपादान म्हणतात. उंचीलाही असें अपादान असतें. किल्ल्यांचीं वर्णनें लिहितांना आपण तें पुष्कळदां सांगत नाहीं. तोफ डागणाऱ्यास आणि विमानांतून बाँब टाकणाऱ्यास मात्र तें विसरून चालत नाहीं.

१. तळेघर हें आंबेगांव तालुक्यांत भीमाशंकराच्या वाटेवर वसलेलें गांव. त्याच्या उत्तरेस जुन्नर तालुक्याचा डोंगराळ मुलूख लागतो. तेथील शिवनेरीची उंची कोणी सुमारें साडेतीन हजार फूट देतात, कोणी हजारांवर थोडी देतात. दोन्ही आंकडे खरे आहेत. पहिला समुद्रसपाटीपासूनचा, दुसरा पायथ्याच्या मैदानापासूनचा. १८१८ सालीं मेजर एल्ड्रिज याच्या फौजेनें याच तालुक्यांतील चावंडावर गोळ्यांचा मारा करून तो किल्ला घेतला. त्या गोलंदाजांस समुद्राशीं कर्तव्य नव्हतें. आपल्या मोर्चापासून तट किती वर आहे एवढेंच त्यांस हवें होतें. पुढें थोड्याच वर्षांत साइक्स यानें दख्खनमधील ठिकाणांच्या उंच्या वायुभारमापकानें काढल्या. त्याचें अपादान मात्र समुद्रसपाटी हें होतें. एकाच मुलखांत एका पिढीच्या आंत दोन अपादानें वापरलीं गेलीं तीं अशीं.

२. विमानांतील उंचीमापक, ज्यास अल्टिमीटर म्हणतात, तो मूळचा वायुभारमापकच होय. वर जावें तसा हवेचा दाब घटतो. समुद्रसपाटीजवळ हजार फुटांस पाऱ्याचा सुमारें एक इंच. यंत्र मोजतें तो दाब, आणि तबकडीवर दाखवितें ती उंची. म्हणून कोणत्या दाबास शून्य मानावयाचें हें वैमानिकास खुंटी फिरवून यंत्राला सांगावें लागतें. याच्या तीन रीती आहेत. विमानतळाच्या जमिनीवरील दाब लावला तर कांटा त्या जमिनीवर शून्य दाखवितो. स्थानिक दाब समुद्रसपाटीच्या हिशेबानें लावला तर समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. आणि २९.९२ इंच हा प्रमाण दाब लावला तर उंचावरून जाणाऱ्या सर्व विमानांस एकच, परंतु सांकेतिक, आरंभ मिळतो. हा संकेत म्हणजे जमीन नव्हे. जुलै महिन्यांत मुंबईचा दाब सुमारें २९.६ इंचांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत यंत्र प्रमाण दाबावरच राहिलें, तर खऱ्या उंचीपेक्षां सुमारें तीनशें फूट अधिक दाखवितें.

३. बाँब टाकणाऱ्यास लागते ती लक्ष्यावरची उंची. कारण बाँब खालीं पोहोंचण्यास किती पळें लागतील व तेवढ्यांत तो किती पुढें जाईल, हें तिच्यावर अवलंबून असतें. ता. १८ डिसेंबर १९६१ रोजीं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याहून गेलेल्या बारा कॅनबेरा विमानांनीं गोव्यांतील दाभोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बाँब टाकून ती निकामी केली. विमानतळाच्या इमारतींस धक्का लावूं नये अशी आज्ञा होती. अर्थात् अचूकपणास येथें विशेष महत्त्व होतें.

पुण्याचा लोहगांव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें १,९४० फूट, तर दाभोळी सुमारें १८५ फूट. समजा, कोणी लोहगांवच्या जमिनीवर कांटा शून्यावर आणून निघाला व दाभोळीवर त्यानें १०,००० फूट वाचले. त्याची लक्ष्यावरील खरी उंची ११,७५० फुटांहून कमी नाहीं. हवेचा अडथळा सोडून दिला तर १०,००० फुटांवरून बाँबास सुमारें २५ सेकंद लागतात, ११,७५० फुटांवरून २७. विमानाचा वेग सेकंदास ४४० फूट धरल्यास बाँब लक्ष्य ओलांडून नऊशें फुटांच्या आसपास पुढें पडेल. हें गणित केवळ उदाहरणादाखल आमचें आहे. त्या दिवसाच्या उड्डाणाचें नव्हे. हल्लीं संगणकावर विमानयुद्धाचा आभास करणारे खेळ निघाले आहेत. त्यांतील नवशिक्याचे बाँबही कित्येकदां याच कारणानें चुकतात. लक्ष्याच्या जमिनीची उंची वजा केल्यावांचून कांट्यावरील आंकडा त्याच्या उपयोगी पडत नाहीं.

४. यानंतर सातव्या महिन्यांत जुन्नरच्या डोंगरांत घडलेली घटना याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. सिडनीहून रोमकडे जाणारें अलितालिया कंपनीचें डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असतां, ता. ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळांत, येथील एका डोंगरावर आदळलें. विमानांतील ९४ माणसांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. विमानास ४,००० फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळालेली होती. डोंगराची उंची सुमारें ३,६०० फूट. चौकशींत मुख्य कारण ठरलें तें स्थाननिर्णयाची चूक : आपण मुंबईच्या अधिक जवळ आलों असें समजून वैमानिक अकालीं खालीं उतरला. वाटेवरील भूप्रदेशाचा अपरिचय आणि ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीचें उल्लंघन हींही कारणें नोंदविलीं गेलीं. दोष यंत्राच्या माथीं आला नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. चार हजार फूट म्हणजे मुंबईच्या विमानतळावर जवळजवळ चार हजार फूट मोकळी हवा. या डोंगरावर तीच चारशें फूट. आंकडा खरा असूनही खालची जमीन दुसरीच असली, तर तो घातक होतो.

अहवालांत या डोंगराचें नांव ‘दावंड्याची’ असें आलें आहे. हें षष्ठीचें रूप असून त्यापुढील ‘टेकडी’सारखें विशेष्य इंग्रजींत उतरतांना गळालें असावें.

तात्पर्य, स्थलवर्णन किंवा बखरीवरील टीप लिहितांना प्रत्येक उंचीपुढें ‘समुद्रसपाटीपासून’ किंवा ‘अमुक गांवापासून’ हे शब्द अवश्य लिहावे. ज्या दक्षतेनें आपण शक आणि सन वेगळे करतों, तीच येथें हवी. अपादान न सांगतां दिलेला आंकडा पुढच्या वाचकास फसवितो; आणि जुन्नरच्या या डोंगरावरील ९४ मृत्यु पाहतां, आंकडा व त्याच्या खालची जमीन यांची ताटातूट किती महाग पडते हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं.