शेलॅक : पळसाच्या फांदीवरची लाख, इंग्रजीतले क्रियापद

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ६३ जागा गमावल्या. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे अध्यक्ष बराक ओबामा यांनी या पराभवाचे वर्णन 'शेलॅकिंग' या शब्दाने केले. हा शब्द 'शेलॅक' या क्रियापदावरून आला आहे. त्याचे मूळ मात्र आपल्याकडील लाखेत आहे.

'शेलॅक'चा पहिला अर्थ लाकडाला लाखेचे रोगण लावणे. अमेरिकन इंग्रजीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला दुसरा अर्थ चिकटला : प्रतिस्पर्ध्याचा धुव्वा उडवणे. हा अर्थ अनौपचारिक असून तो प्रामुख्याने खेळ आणि राजकारणाच्या बातम्यांत आढळतो.

शब्दाचा उत्तरार्ध 'लॅक' म्हणजे आपली लाख, संस्कृतातील 'लाक्षा'. महाभारतातील लाक्षागृहातही हाच शब्द आहे. पूर्वार्धातील 'शेल'चा समुद्रातील शिंपल्याशी संबंध नाही. लाख वितळवून, कापडातून गाळून तिचा पातळ पापुद्रा ताणतात आणि थंड झाल्यावर त्याचे तुकडे करतात. या खवल्यांसारख्या लाखेला फ्रेंचांनी जे नाव दिले, त्याचे इंग्रजी भाषांतर म्हणजे 'शेलॅक'. आपले सुतार तिला चपडा लाख म्हणतात. सुमारे १९५० पर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्याही मुख्यत्वे याच लाखेच्या मिश्रणातून बनत.

या शब्दाची वाट गोंदियाकर वाचकाला परकी वाटू नये. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणारे इवलेसे कीटक रस शोषून जो राळेसारखा स्राव टाकतात, तीच लाख. पूर्वी गोंड आदिवासी जंगलातील डिंक, म्हणजे 'गोंद', आणि लाख विकण्यासाठी येथे आणीत व त्यावरूनच गावाला गोंदिया हे नाव पडले, असे सांगितले जाते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले.

वापरताना एक दक्षता घ्यावी. भूतकाळी रूप लिहिताना शेवटच्या 'सी'नंतर 'के' येतो, जसा 'पिकनिक' आणि 'मिमिक' या क्रियापदांत येतो. अर्थ संदर्भावरून ठरवावा : सुताराने टेबल 'शेलॅक' केले तर ते चकाकते, संघाला कुणी 'शेलॅक' केले तर तो सपशेल हरतो. फांदीवरून लाख खरवडणाऱ्या हातांची आठवण मात्र या दोन्ही अर्थांत उरलेली नाही. ती शब्दाच्या व्युत्पत्तीतच शोधावी लागते.