स्वस्तातली सायकल घ्यावी का? पातूरच्या रस्त्यावरून एक इतिहास

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणाले असतील, इतिहासाच्या व्याख्यानात सायकल कुठून आली? लेणी झाली, वाडे झाले, आता सायकल. पण आपल्या पातूरच्या लेण्यांकडे किती जण गेले आणि बाजाराला, शाळेला, कचेरीला किती जण सायकलीवर गेले, याचा हिशोब केला तर सायकलीचा इतिहास हा आपल्या घरचा इतिहास आहे, हे पटेल.

प्रश्न अगदी साधा आहे. मोठ्या स्टोअरमध्ये ओळीनं उभ्या असलेल्या किंवा मोबाइलवरून घरपोच येणाऱ्या पाच-सहा हजारांच्या चकचकीत सायकली घ्याव्यात का? त्या चालवण्याच्या लायकीच्या असतात का? गेल्या दोन पावसाळ्यांत हा प्रश्न आम्हाला अनेक पालकांनी विचारला. कारण आमच्याच नात्यातलं आहे. पातूरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावातली मुलगी, अकरावीला. घरच्यांनी हौसेनं सायकल मागवली. पुढे स्प्रिंगचा चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. खोक्यातून आली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. हँडल, पुढचं चाक आणि पेडल घरीच बसवले. चौथ्या महिन्यात डावं पेडल गळून पडलं. आम्ही ती घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्यानं क्रँकमधल्या छिद्रात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, आटेच नाई राह्यले याले. आन् हा पार्ट इथं भेटत नाई. मी काय लावू?"

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते उलट दिशेनं आवळावं लागतं. घरच्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे पोरीचं कॉलेज एस.टी.च्या वेळेवर अवलंबून राहिलं, आणि एस.टी.ची वेळ तुम्हाला माहीतच आहे.

आता मागे जाऊ. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये जे. के. स्टार्ली यांनी बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्या काळात सायकल ही श्रीमंतांची वस्तू होती. आपल्याकडे ती आली ती साहेबांबरोबर, मग वकील, डॉक्टर, मिशनरी यांच्याकडे. वऱ्हाडात येण्याचा मार्ग सरळ होता. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली होती. बंदरात उतरलेला माल रेल्वेनं अकोल्याला यायचा आणि तिथून पुढं सडकेनं. पातूर या सडकेवरचं गाव, उत्तरेला अकोल्याकडे सपाट काळी जमीन आणि दक्षिणेला घाट. म्हणजे सायकलीची दोन्ही परीक्षा इथं एकाच गावात.

'स्वस्त सायकल चांगली की वाईट' हा वाद मॉल आल्यावर सुरू झाला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो १९३० च्या दशकातला आहे. त्या वेळी बर्मिंगहॅमची हर्क्युलस कंपनी चार पौंडांच्या आत सायकल विकत होती. तेव्हाच्या दरानं एका पौंडाचे तेरा रुपये पाच आणे चार पै होत. म्हणजे तिकडच्या दुकानात साधारण ५३ रुपये. इकडे येईपर्यंत जहाजाचं भाडं, जकात आणि दुकानदाराचा नफा चढायचा तो वेगळा. त्याच काळात जपानी सायकली आणि सुटे भाग त्याहून कमी भावात आपल्या बाजारात उतरले. लोक म्हणायचे, जपानी माल हलका. पण घेणारे घेत होते, कारण हलका म्हणून का होईना, हातात येत होता. आणि इतिहासाची गंमत बघा. जपानमधल्या साकाई गावात शिमानो नावाचा कारखाना १९२१ मध्ये निघाला, त्याचं पहिलं उत्पादन फ्रीव्हील. आज जगातल्या महागड्या सायकलींना त्याच कंपनीचे गिअर असतात. तेव्हा कमी किंमत म्हणजे कायमचा कमी दर्जा, हे समीकरण इतिहासात टिकत नाही.

मग टिकतं काय? त्यासाठी स्वदेशी सायकलीकडे यावं लागेल. १९३९ च्या सुमारास मुंबईत हिंद सायकल्स उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस. आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. हिरोचे मुंजाळ बंधू फाळणीच्या आधी आजच्या पाकिस्तानातल्या कमालियाचे. इकडे आल्यावर त्यांनी आधी सुट्या भागांचा धंदा केला, मग सायकल. पहिल्या वर्षी त्यांनी ६३९ सायकली बनवल्या. तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात त्यांचं नाव गेलं.

आधी सुटे भाग, मग सायकल. हा क्रम लक्षात ठेवा, आजच्या व्याख्यानाची किल्ली त्यातच आहे. लुधियान्यात कोणी तारा बनवायचा, कोणी पेडल, कोणी घंटी, कोणी मडगार्ड. हे सगळे भाग एकमेकांत बसायचे, कारण सायकल सगळ्यांची एकच होती. काळी, उंच, २८ बाय दीड इंच टायर, पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. ब्रेकला केबल नाही, सळई. गिअर एकच. क्रँक अडकवायला कॉटर पिन. कंपनीचं नाव बदललं तरी माप तेच. म्हणून अकोल्याला घेतलेल्या सायकलीचा भाग पातूरला मिळायचा, आणि पातूरला नाही मिळाला तर मिस्त्री जुन्या सायकलीचा काढून लावायचा.

ती सायकल फार गुणाची होती असं मात्र नाही बरं का. वजन वीस किलोच्या घरात. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक लागायचा तो देवाच्या भरवशावर. पोरांना सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून आपली पिढी दांड्याखालून पाय घालून कैची शिकली, गुडघे फोडून घेतले. आणि काळ्या मातीचा चिखल! मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये तो असा भरायचा की चाक फिरायचंच नाही. काडीनं उकरायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल खांद्यावर. इथं बसलेल्या कित्येकांनी हे केलं असेल.

तरीही ती सायकल मास्तरांनी चालवली, पोस्टमननं चालवली, दूधवाल्यानं दोन्ही बाजूंना कॅन लावून चालवली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याची प्रथा होती. ज्यांना घेणं परवडत नव्हतं ते तासावर भाड्यानं घ्यायचे. भाड्याची सायकल दिवसातून दहा हातांखालून जायची आणि तरी वर्षानुवर्षं चालायची. का? दुकानदार रोज संध्याकाळी तिची हवा बघायचा, छर्रे घासले की बदलायचा, चाक आउट झालं की तारा ओढून सरळ करायचा. म्हणजे टिकाऊपणा नुसत्या लोखंडात नव्हता. अर्धा लोखंडात होता आणि अर्धा झाडाखाली पंप घेऊन बसलेल्या मिस्त्रीच्या हातात.

पुढं काळ बदलला. १९७२ मध्ये लुना आली, मग स्कूटर, मोटरसायकल. मोठ्यांची सायकल सुटली आणि ती मुख्यतः मुलांसाठी घेण्याची वस्तू झाली. मुलांसाठी घ्यायची म्हटल्यावर ती दिसायला भारी हवी. डोंगरावर चालवायच्या सायकलीचं रूप तिला आलं. आता हिशोब करा. पाच-सहा हजारांत स्प्रिंग, दोन डिस्क, गिअरचे दोन संच, जाड टायर हे सगळं द्यायचं, तर प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला किती पैसे येणार? चांगल्या स्प्रिंगच्या चिमट्याचीच किंमत त्या अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त असते. मग पैसा दिसणाऱ्या भागांवर जातो आणि न दिसणाऱ्या भागांवर, म्हणजे बेअरिंग, हब, क्रँक यांच्यावर, वाचवला जातो. जुन्या सायकलीतही पैसा कमीच होता. पण तो चार कामाच्या भागांत वाटला होता. फरक आहे तो इथं.

यात पणाला काय लागलंय, तेही बघू. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जाऊ लागले, सुरुवातीला २,००० रुपये. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, आणि जिथं शाळा तीन किलोमीटरहून लांब तिथं परिणाम जास्त. दोन हजारांची सायकल! तिला ना स्प्रिंग होती ना डिस्क. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान आहे, २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. म्हणजे स्वस्त सायकलीनं मुली शाळेत पोचतात, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे 'स्वस्तातली घेऊच नका, पंधरा-वीस हजारांची घ्या' असं शहरातला एखादा शौकीन सांगतो, तेव्हा तो आलेगावच्या किंवा चान्नीच्या शेतमजुराला सायकल घेऊच नको असं सांगत असतो. ते आम्हाला मान्य नाही.

तेव्हा आमचं उत्तर असं. स्वस्त सायकल जरूर घ्या, पण साधी घ्या. बिनस्प्रिंगची, बिनगिअरची किंवा अगदी मोजक्या गिअरची, साध्या ब्रेकची. घेण्याआधी आपल्या गावच्या मिस्त्रीला विचारा, याचा टायर, याची चेन, याचा क्रँक तुझ्याकडे मिळतो का? नाही म्हणाला तर किंमत कितीही कमी असो, ती महागच पडणार. खोक्यातून आलेली सायकल घरी जोडू नका, मिस्त्रीकडून जोडून घ्या. महिनाभरानं पुन्हा दाखवा, कारण नव्या तारा ढिल्या पडतात. आणि ज्यांच्या घरी आजोबांची काळी सायकल गोठ्यात उभी आहे, त्यांनी ती भंगारात घालण्याआधी एकदा ओव्हरहॉलिंगचा खर्च विचारून बघा.

आणि एक काळजी बोलून दाखवतो. मिस्त्री कमी होताहेत. त्यांची मुलं मोटरसायकलच्या गॅरेजात गेली, तिथं पैसा आहे. झाडाखालचा पंप गेला तर चांगली सायकलही वाया जाईल. म्हणून पंक्चरचे पैसे देताना घासाघीस जरा कमी करूया.

त्या मुलीचं काय झालं? मिस्त्रीनं भंगारातला एक जुना क्रँक शोधला, तो बसेना म्हणून एक्सलही बदलला, पुढचे गिअर काढून टाकले. दिसायला सायकल आता विचित्र आहे, मैत्रिणी हसतात. पण बारावीचं वर्ष तिनं त्याच सायकलीवर काढलं. आता प्रश्न असतील तर विचारा.