नाताळच्या मेजवानीची तजवीज

मेजवान्यांची वर्णने इतिहासात पुष्कळ सापडतात. त्यांच्या तजविजीची फार थोडी. पंगतीत काय वाढले हे टिपून ठेवणारा कोणीतरी भेटतो. पण ते पानात पडावे म्हणून घरच्या माणसांनी किती महिने आधी, कोणाच्या हाती, किती पैसे ठेवले हे सांगणारा विरळा. राजेरजवाड्यांच्या पंगतीला कारकून असतात. गरिबाच्या सणाचा हिशेब गरिबाच्या डोक्यात राहतो आणि बहुधा त्याच्याबरोबरच जातो. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या कामकरी माणसाचा नाताळ याला काहीसा अपवाद आहे. त्याच्या तजविजीच्या खुणा कायद्यांत उरल्या आहेत, आणि कथांतही. त्यांवरूनच आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहो.

त्या जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणजे भाजलेला गूज. गूज म्हणजे पाळीव हंस. बदकाचा थोरला भाऊ म्हटले तरी चालेल. मध्यमवर्गाच्या टेबलावर टर्की आली होती. मिसेस बीटन यांच्या 1861 सालच्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात टर्कीवाचून मध्यमवर्गाचा नाताळ जवळजवळ अशक्यच मानला आहे. कामकऱ्याच्या वाट्याला गूज. हे पक्षी लंडनला येत ते मुळात चालत. डॅनियल डीफो याने 1720 च्या दशकात लिहिलेल्या प्रवासवर्णनात टर्कींच्या कळपांचा हिशेब दिला आहे : सफक आणि एसेक्स यांच्या सीमेवरील स्टूर नदीच्या एकाच पुलावरून एका हंगामात 300 कळप गेले, एकेका कळपात 300 पासून 1,000 पर्यंत पक्षी. गूजचेही तांडे असेच पायी निघत. पीक निघालेल्या शेतांतले सांडलेले दाणे टिपत टिपत त्यांनी चालायचे, म्हणून ऑगस्टपासूनच ही वारी सुरू होई. डिसेंबरातल्या एका जेवणाची हालचाल अशी भर उन्हाळ्यात सुरू झालेली असे.

पक्षी शहरात आला, तरी तो भाजायचा कोठे? गरिबाच्या एकदोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चूल असे, भट्टी नसे. चुलीवर भांडे उकळेल. अख्खा गूज भाजून निघणार नाही. यावर उपाय होता पाववाल्याचा. रविवारी पाव भाजण्याला कायद्याने मज्जाव होता, पण लोकांची जेवणे भाजून देण्याची मुभा होती. नाताळलाही हीच सोय उपयोगी पडे. चार पैसे देऊन आपले भांडे पाववाल्याच्या भट्टीत लावायचे आणि दुपारी मुलांनी ते उचलून आणायचे. 1830 च्या दशकात सर अँड्र्यू ॲग्न्यू या खासदाराने रविवार पवित्र राखण्यासाठी पार्लमेंटात विधेयकांमागून विधेयके आणली. ती संमत झाली असती, तर गरिबाचे आठवड्यातले एकमेव गरम जेवण थंड झाले असते. श्रीमंताच्या घरी स्वयंपाकी असतो. त्याचा रविवार कशानेच बिघडत नाही. डिकन्स यावर चिडला आणि 1836 मध्ये टोपणनावाने त्याने एक पुस्तिकाच लिहिली.

ही पार्श्वभूमी मनात धरून त्याची 1843 ची ‘ख्रिसमस कॅरोल’ वाचावी. बॉब क्रॅचिटला आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ. त्याच्या गूजचे कौतुक सारे जग करते. आमचे लक्ष मात्र व्यवस्थेकडे जाते. गूज पाववाल्याकडे आहे. धाकटी मुले त्याच्या दुकानाबाहेर वास घेऊन, तो वास आपल्याच गूजचा हे ओळखून, धावत घरी येतात. पुडिंग शिजते आहे ते कपडे धुण्याच्या हंड्यात, म्हणून त्याच्या वाफेला धुण्याच्या दिवसाचा वास. पक्षी कुटुंबाच्या मानाने लहान. सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे यांच्या आधाराने तो सर्वांना पुरवला जातो, आणि पुडिंग लहान आहे असे कोणी म्हणत नाही. पुडिंग बाहेर काढण्याआधी, परसातून कोणी भिंत चढून ते चोरून तर नेले नसेल ना, अशी शंका येऊन साऱ्यांच्या पोटात गोळा उठतो. ज्याची वर्षाची सारी शिल्लक एका भांड्यात आहे, त्यालाच अशी शंका येते.

राहिला पैशाचा प्रश्न. त्यासाठी ‘गूज क्लब’ निघाले. उन्हाळ्याच्या अखेरीपासून दर आठवड्याला काही पेन्स गुत्तेवाल्याकडे भरायचे. नाताळच्या तोंडावर तो प्रत्येक सभासदाला एक गूज देई, पुष्कळदा सोबत जिनची बाटलीही. लहानमोठ्या पक्ष्यांवरून तंटा नको म्हणून चिठ्ठ्या टाकीत. शेरलॉक होम्सच्या वाचकांना 1892 मधील निळ्या माणकाची गोष्ट आठवेल. तीतला गूज अशाच एका क्लबातला, ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका पबमधला. होम्स त्या माणकाचा माग काढतो; आपण किमतींचा काढू. व्यापाऱ्याच्या वहीत पक्षी साडेसात शिलिंगांना घेतलेला आणि गुत्तेवाल्याला बारा शिलिंगांना विकलेला दिसतो. बारा शिलिंग म्हणजे 144 पेन्स. आठवड्याला सहा पेन्स टाकले, तर चोवीस आठवडे! गुत्तेवाल्याचा नफा यात धरलेलाच नाही.

गुत्त्यातच पैसे का ठेवावेत, असे मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते विचारीत. प्रश्न खोटा नव्हता. हप्ता भरायला गेलेला माणूस कोरडा परत येईलच असे नाही. पण पेन्स-दोन पेन्स घेणारी पेढी त्याने कोठून आणावी? पोस्टाची बचत बँक 1861 मध्ये निघाली, आणि तीही एका वेळी निदान एक शिलिंग मागे. या लोकांना उधळे म्हणणाऱ्यांनी चोवीस आठवड्यांचा तो हिशेब एकदा करून पाहायला हवा होता.

आपल्याकडे ‘भिशी’ हा शब्द पैशाच्या गटालाही लावतात आणि मिळून केलेल्या जेवणाच्या सोयीलाही, हे येथे सहज आठवते. किराणा दुकानदाराकडचा दिवाळी फंड तर गूज क्लबाचा सख्खा भाऊच. दोहोंचे मर्म एकच : व्याज नको, सणाच्या दिवशी वस्तू हाती पडावी. आणि दोहोंचे दुखणेही एकच : पैसे ठेवायचे ते ओळखीवर.

गूज क्लब मागे पडले, पण नाताळसाठी हप्त्याने पैसे साठविण्याची रीत ब्रिटनमध्ये टिकून राहिली. फक्त गुत्तेवाल्याच्या जागी कंपन्या आल्या. त्यांतली ‘फेअरपॅक’ ही ऑक्टोबर 2006 मध्ये, सण दोन-अडीच महिन्यांवर असताना, बुडाली. लाखाहून अधिक लोकांनी वर्षभर हप्ते भरले होते, बहुतेकांनी ओळखीच्याच एखाद्या शेजारणीच्या हाती. ती कंपनीची प्रतिनिधी आणि पुष्कळदा स्वतःही सभासद. दारोदार जाऊन पैसे बुडाल्याचे सांगण्याचे काम तिच्यावर आले. देणग्या जमवून त्या नाताळपुरती थोडी कूपने वाटण्यात आली. पुढे दिवाळखोरीचे काम मिटत आले तेव्हा भरलेल्या पैशाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम परत मिळेल असे ठरले. तोवर 2012 साल उजाडले होते, आणि मधले सहा नाताळ होऊन गेले होते.