वरचे अन्न

वरचे अन्न : आईच्या दुधाच्या जोडीला बाळाला सुरू केला जाणारा मऊ, घट्टसर आहार. सहा महिने पुरे झाल्यावर तो सुरू होतो आणि दोन वर्षांपर्यंत, किंवा पुढेही, अंगावरच्या दुधाबरोबर चालतो. या दीड वर्षात मूल दुधावरून घरच्या ताटावर येते. वाढ खुंटण्याचा सर्वाधिक धोकाही याच काळात असतो. वजनाच्या तक्त्यावर सहाव्या महिन्यापर्यंत छान चढत गेलेली रेघ अनेक मुलांच्या बाबतीत इथेच आडवी होते.

सहा महिन्यांचा हिशेब शरीराचा आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात असलेला लोहाचा साठा सुमारे तेवढा काळ पुरतो. आईच्या दुधातले लोह उत्तम पचते, पण मुळात ते थोडे असते. ऊर्जेचेही तसेच. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० कॅलरी बाहेरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. पूर्वी ‘चार ते सहा महिने’ असा सल्ला असे. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये सहा महिने निव्वळ स्तनपानाचा ठराव केला आणि सल्ला बदलला. आज घरोघरी आजी ‘आम्ही चौथ्या महिन्यातच भात भरवला’ म्हणते आणि सून डॉक्टरांचा हवाला देते. आजीलाही तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलेले असते. सहा महिन्यांआधी पाणीसुद्धा लागत नाही, अगदी विदर्भातल्या मे महिन्यातही नाही. दुधात ते भरपूर असते.

पहिल्या घासाचा विधी म्हणजे उष्टावण. शास्त्रात त्याला अन्नप्राशन म्हणतात आणि सोळा संस्कारांत त्याची गणना होते. सुश्रुतसंहितेतही सहाव्या महिन्यात हलके, हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रूढी आहे. पाचव्या महिन्यात मुलीला घाई होऊ नये, म्हणून सातवा धरलेला बरा. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटली की पुस्तक, लेखणी, सोने, माती अशा वस्तू पुढे मांडतात. बाळ ज्याला हात घालील त्यावरून त्याच्या उपजीविकेचा अंदाज बांधतात. सोहळा देखणा होतो. पण दुसऱ्या दिवशीपासून रोज दोन-तीन वेळा काय शिजवायचे, हे कुणी ठरवलेले नसते.

त्याआधी पोटात जाते ती गुटी. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक अशा जिनसा सहाणेवर पाण्यात किंवा आईच्या दुधात उगाळतात. मात्रा मोजतात ती वेढ्यांवर : बदाम-खारकेचे वेढे जास्त, वेखंड-जायफळाचा जेमतेम एखादा. हात जड असला की तोच वेढा दुप्पट उतरतो. बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप नेमका इथे आहे. मात्रा ठरलेली नाही, सहाण आणि पाणी निर्जंतुक नाही, आणि जायफळाने बाळ गुंगते, तेव्हा ‘शांत झोपले’ असे वाटते. गुटीबरोबर मधाचे बोट चाटवणे तर निश्चित टाळावे. मधात असू शकणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. त्यामुळे वर्षाच्या आत मध नाही.

मराठी स्वयंपाकघरातले खरे शिशुअन्न म्हणजे खिमट. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, तिपटीने कमी मूगडाळ घ्यायची, दोन्ही मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे, चिमूटभर जिरे घालायचे आणि भरड दळून हवाबंद डब्यात ठेवायचे. लागेल तेव्हा दोन चमचे भरड थंड पाण्यात कालवून शिजवायची, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. वरून चमचाभर तूप. डाळ-तांदळाची ही जोडी पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात. शिवाय धान्य भाजलेले असल्याने ते लवकर शिजते आणि भरड टिकते. नोकरी करणाऱ्या आईला ‘झटपट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याची सोय तिच्या आजेसासूने कधीच करून ठेवली होती.

नाचणीचे सत्त्व दोन तऱ्हांनी होते आणि दोहोंत मोठा फरक आहे. एका पद्धतीत नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात, पांढरे पाणी निवळू देतात आणि तळाशी बसलेला साका वाळवतात. दिसायला तो शुभ्र आणि पचायला हलका, पण बराचसा निव्वळ स्टार्च. दुसऱ्या पद्धतीत नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधतात, मोड आले की कडक उन्हात वाळवतात, हलकी भाजतात आणि दळून वस्त्रगाळ करतात. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते स्टार्च तोडते, त्यामुळे लापशी चिकट गोळा होत नाही, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. लापशी पातळ करून कमी अन्न देण्याऐवजी जास्त अन्न मऊ करून देण्याची ही युक्ती आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. ते पिठात राहावे असे वाटत असेल तर दुसरीच पद्धत धरावी.

कारण गोची पातळपणात आहे. वरणाचे पाणी, भाताची पेज, भाज्यांचे गाळलेले सूप असे ‘पचायला हलके’ म्हणून जे दिले जाते त्यात बहुतांश पाणीच असते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २४० मिलिलिटर मावते. ते पेजेने भरले की बाळ तोंड फिरवते, आणि आई समजते, पोटभर झाले. कसोटी साधी आहे : चमचा तिरका केला तर घास ओघळू नये, चमच्यावर टिकावा. वरणाचे पाणी टाकून खालची डाळ कुस्करून द्यावी. पाच ग्रॅम तुपाने किंवा तेलाने ४५ कॅलरी वाढतात आणि वाटी मोठी होत नाही. सहा महिन्यांनंतर दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ, असा क्रम धरतात. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत कुस्करलेल्यावरून दाणेदार घासावर यावे. वर्षाचे मूल मिठा-तिखटाआधी बाजूला काढलेले घरचेच जेवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ही गोष्ट आकड्यांत दिसते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना वरचे अन्न सुरू झाले होते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी मुले देशात सुमारे ११ टक्के भरली. उरलेल्यांत सुखवस्तू घरांतलीही मुले आहेत, तेव्हा सारा दोष गरिबीवर ढकलता येत नाही.

प्रदेशागणिक पहिला घास बदलतो. कोकणात मऊ भात आणि मेतकूट, गोव्यात नाचणीचे तिजान, देशावर ज्वारीच्या लाह्यांचे पीठ दुधात, वऱ्हाडात ज्वारीच्या कण्या. किनाऱ्यावर काटा काढलेली मासळी लवकर ताटात येते, आणि ते बरेच आहे. अंडे, मासळी, मांस यांतले लोह शरीर सहज घेते; ‘उष्ण पडेल’ म्हणून वर्षभर अंडे थांबवण्याला आधार नाही. शेंगदाण्याचीही अशीच भीती असे. लंडनमधील एका मोठ्या अभ्यासाने २०१५ मध्ये ती उलटवली. अॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा देत राहिल्यास पाचव्या वर्षी त्याची अॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मराठी घरात दाण्याचे कूट असतेच. ते बारीक करून खिमटात मिसळता येते. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष पाच वर्षांच्या आत हातात देऊ नये, श्वासनलिकेत अडकते. मीठ वर्षापर्यंत आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळावेत. गाईम्हशीचे दूध वर्षाआधी मुख्य पेय म्हणून नको : त्यात लोह नगण्य असते, आणि लहान आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो.

बाटली आणि डबा यांच्याशी महाराष्ट्राची जुनी झुंज आहे. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. त्याआधी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने आणखी कडकपणे, दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या डब्यांची, शिशुआहाराची आणि बाटल्यांची जाहिरात बंद झाली. दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्रही छापता येत नाही. तरी २०२४ मध्ये एका स्विस संस्थेच्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या एका नामांकित शिशुआहारात दर वाढणीमागे जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. बाटलीला जुना पर्याय बोंडले आहे : निमुळत्या चोचीची, उकळून लख्ख करता येणारी वाटी. तिचीच दक्षिणेकडील बहीण पलाडई आज नवजात अतिदक्षता विभागांत वापरतात.

सरकारी बाजूने १९७५ पासून अंगणवाडी आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाचा घरपोच आहार तिथून मिळतो. पहिल्या हजार दिवसांवर भर देणारे राजमाता जिजाऊ मिशन २००५ चे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडे किंवा केळी मिळतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध आशाताईंमार्फत मिळते. ते मागून घ्यावे, कारण शी काळी होते म्हणून अनेक घरांत बाटली कपाटातच राहते.

‘खातच नाही’ ही तक्रार साधारण पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते. तिचे कारण बहुधा निरुपद्रवी असते. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होते, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. घर मात्र जुन्याच मापाने भरवत राहते : आधी काऊचिऊचे घास, मग खिडकीतली मांजर, मग मोबाइल. पडद्याकडे पाहत गिळलेल्या घासाची चव मुलाला कळत नाही आणि पोट भरल्याचेही कळत नाही. आज काही पालक वाफवलेल्या गाजराचे लांबट तुकडे पुढे ठेवून बाळाला स्वतः खाऊ देतात. ब्रिटनमधून आलेली ही रीत इथे नवी नाही. पाटावर बसून मऊ भाकरीचा तुकडा चोखणारी मुले मराठी घरांनी नेहमीच पाहिली आहेत. पसारा होतो, तो होऊ द्यावा.

जुलाब लागले की ‘दात येताहेत’ म्हणून अन्न तोडणे ही मोठी चूक. दातांशी जुलाबांचा संबंध नाही. सारे काही तोंडात घालणाऱ्या हातांशी आहे. अंगावर पाजणे आणि मऊ खिचडी चालू ठेवावी, ओआरएस द्यावे, आणि झिंक १४ दिवस पुरे करावे. बरे झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त. अंगावरचे सोडवताना छातीला कडुनिंब किंवा कोरफड लावण्याची रीत गावोगाव आहे. त्यापेक्षा एकेक पाजणे कमी करत जाणे आईला आणि मुलाला सोपे जाते. दिवस गेले म्हणून एका दिवसात दूध तोडण्याची तर गरजच नसते.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, म्हणजे वरचे अन्न सुरू होते त्याच सुमारास आई कामावर परतते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार भेटी हा हक्क आहे. बीडहून दिवाळीच्या आगेमागे निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याला यातले काहीच लागू पडत नाही. बाळ झोपडीवजा कोपीत किंवा फडाच्या बांधावर, सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, आणि तिच्या हाती सकाळची भाकरी. गावच्या अंगणवाडीत नाव असते, पण आहार वाटपाच्या दिवशी मूल गावात नसते. तेव्हा साखर कारखान्याच्या तळावर साखरशाळेइतकीच पाळणाघराची आणि तिथे दर तीन तासांनी शिजणाऱ्या मऊ खिचडीची मागणी करायला हवी.